वही कोरी असू द्या

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले. वस्तीवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. महागड्या साधनांऐवजी चिंचोके, शिंपले, पाने, खडे वापरात आले. आंघोळ घालणे, केस विंचरणे हाही शिक्षणाचाच भाग ठरला. आज त्याच वाटेने चालणाऱ्या बालवाडीच्या ताईंसाठी हा अंक आहे.

या ताई वर्गात नेमके काय करतात, हे पालकांना सहसा दिसत नाही. चार वर्षांचे मूल मणी ओवत असते. दोरा निसटतो, जीभ दातांत येते, चिमूट पुन्हा जुळते, आणि मणी आत सरकला की ते आधी ताईंकडे बघते. याच चिमटीत पुढे पेन्सिल बसणार असते. कणीक मळणे, कागद फाडून चिकटवणे, रांगोळीत बोट फिरवणे ही सगळी लेखनाचीच तयारी. तरी जूनमध्येच विचारणा होते, "वही कोरी कशी?" मग काही शाळा पालकांना खूश ठेवायला गृहपाठ देऊ लागतात. आम्हाला हे अजिबात मान्य नाही.

कोणाचे रडू, कोणाची शी, कोणाचा सांडलेला डबा, आणि त्यातच ताईंनी गोष्ट रंगवायची! २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय पायाभूत स्तर मानले. मग हा पाया घालणाऱ्या ताईंना इतक्या शाळांत तुटपुंज्या मानधनावर का राबवले जाते? संस्थाचालकांनी याचे उत्तर नव्या वर्षाच्या नेमणूकपत्रांत द्यावे.