सीटखालची वायर आणि धंद्यातील अमानत

ठाण्याची राबोडी, मुंब्रा-कौसा, कल्याण, डोंबिवली. कुठेही जा, मोटारसायकलला जादा दिवे, मोठा हॉर्न, मोबाईल चार्जर बसवून देणारी दुकाने दिसतात. आमचे पुष्कळ तरुण या व्यवसायात आहेत. घरोघर पार्सल पोहोचविणाऱ्या मुलांमुळे गिऱ्हाईकही वाढले आहे. मात्र हे काम ज्या पद्धतीने होते, त्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे.

पुष्कळदा हेडलाईटची वायर सोलतात, तिला नवी वायर पिळतात आणि वर काळी टेप गुंडाळतात. दहा मिनिटांत काम होते, दिवा लागतो, गिऱ्हाईक खूश. पुढे पावसाळ्यात टेप सुटते, पाणी शिरते, जोड गंजून तापू लागतो. मग शिळफाटा रस्त्यावर भर पावसात, मागे कंटेनर असताना, गाडीचे सगळे दिवे एकदम जातात. कधी वायरच पेट घेते.

हिशेब अवघड नाही. वीस वॅटचे दोन दिवे म्हणजे चाळीस वॅट. त्याला बारा व्होल्टने भागले की साधारण सव्वातीन अँपियर. हा भार हँडलवरच्या बारीक स्विचवर टाकू नये. बॅटरीपासून एक चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर ओढावी, बॅटरीलगतच पाच अँपियरचा फ्यूज घालावा आणि मध्ये रिले बसवावा. मग स्विचमधून रिले चालविण्यापुरताच किरकोळ प्रवाह जातो. फ्यूज दिव्यासाठी नसून वायरीसाठी असतो. तो उडाला म्हणून तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रणच. रिलेचा हुकूम चावीनंतरच्या वायरीवरून घ्यावा आणि चार्जरही चावीबरोबरच बंद होईल असा जोडावा. नाहीतर लहान बॅटरी उभ्या गाडीत उतरते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणली जात नाही ना, तेही पाहावे.

आमचे बंधू म्हणतात, ‘गिऱ्हाईक जादा पैसे देत नाही.’ यात तथ्य आहे. पण त्याला समजावतो कोण? रिले आणि फ्यूजचा खर्च जळालेल्या वायरिंगपुढे काहीच नाही. दोन्ही दर सांगण्यापेक्षा कच्चे काम करणारच नाही, असे सांगावे. कंपनीच्या दिव्यांत व रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे, समोरच्याचे डोळे दिपविणारे दिवे तर लावूच नयेत, हेही सांगावे. एखादे गिऱ्हाईक जाईल. राहतील ते दहा जणांना घेऊन येतील.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. सीटखाली टेपने झाकलेला कच्चा जोड ही आपल्या धंद्यातील ओलच आहे.

म्हणून एकेका बाजारातील कारागिरांनी एकत्र बसून ठरवावे: फ्यूजशिवाय जोडणी नाही, बिलाशिवाय काम नाही, आणि गाडी परत देताना सीट उघडून गिऱ्हाईकाला जोड दाखवायचा. ज्याला आपले काम उघडून दाखविण्याची भीती वाटत नाही, त्याच्या दुकानाला वेगळी जाहिरात लागत नाही.