मेंदूच्या पेशी आणि पहिले काही तास

‘मेंदूच्या पेशींसाठी काही चांगले टॉनिक लिहून द्या’, ही विनंती अर्धांगवायूच्या रुग्णांचे नातेवाईक नेहमी करतात. रुग्ण रुग्णालयातून घरी आलेला असतो, एक हात लुळा असतो, आणि घरातली माणसे मोठ्या आशेने माझ्या चिठ्ठीकडे पाहत असतात. त्यांची आशा मला समजते. पण पेशी वाचवण्याची खरी वेळ तेव्हा बहुतांशी टळून गेलेली असते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा साधारण पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. साठा मात्र काहीच ठेवत नाही. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की तिच्या अगदी जवळचा भाग काही मिनिटांतच मरतो. त्याच्या भोवतीचा भाग मात्र लगेच मरत नाही. शेजारच्या बारीक रक्तवाहिन्यांतून झिरपणाऱ्या रक्तावर तो तग धरून असतो. काम थांबलेले, पण जीव शिल्लक. ग्रहणातील विरळ छायेच्या नावावरून वैद्यक त्याला ‘पेनम्ब्रा’ म्हणते. आपल्याकडच्या संत्र्याच्या बागायतदाराला हे वेगळे सांगायला नको. ठिबकची नळी चोंदली तर काही झाडे वाळतात, काही नुसती माना टाकतात. आणि माना टाकलेल्या झाडांना पाणी वेळेवर मिळाले तर ती पुन्हा उभी राहतात. मोठी रक्तवाहिनी बंद झाल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला.

या पेशींना औषधाने जपता येईल काय, याचा शोध कित्येक वर्षे चालू आहे. प्राण्यांवर यशस्वी ठरलेली अनेक द्रव्ये माणसांत अपयशी ठरली. आपल्याकडे सर्रास लिहिल्या जाणाऱ्या सिटिकोलिनची सुमारे २,३०० रुग्णांवर युरोपात चाचणी झाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्याचा उपयोग दिसला नाही. ‘लकव्याची सलाईन’ म्हणून हिवाळ्यात लावून घेतली जाते, तिच्याबद्दल तर न बोललेलेच बरे.

उपयोग होतो तो रक्तप्रवाह पुन्हा सुरू करण्याचा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके चांगले. मोठ्या वाहिनीतील गुठळी नळीद्वारे बाहेर काढण्याची सोय मोठ्या शहरांत आहे. निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत करता येते. मात्र आधी सीटी स्कॅन हवाच. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, तर तेच इंजेक्शन प्राणघातक ठरू शकते.

आपल्याच विदर्भात, गडचिरोलीतील ८६ गावांत ‘सर्च’ संस्थेने २०११ ते २०१३ या काळातील मृत्यूंची कारणे अभ्यासली. सर्वाधिक मृत्यू पक्षाघाताने झाले होते, शंभरांत सुमारे चौदा. आणि त्यांपैकी बहुसंख्य माणसे घरीच दगावली होती.

घरी नेमके काय घडते? तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळू लागले की कोणी तेल चोळते, कोणी कांदा हुंगवते, कोणी कबुतराच्या रक्ताचा उपाय सुचवते. ‘झोपू द्या, सकाळी पाहू’ हा सल्ला मला या सर्वांहून घातक वाटतो. दुखत नाही म्हणून माणसे थांबतात. दुखले असते तर धावली असती.

सुशिक्षित घरांतील चुका निराळ्या. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणे किंवा रक्तदाबाची जादा गोळी देणे, हे तिथे हमखास होते. या अवस्थेत वाढलेला दाब त्या तग धरलेल्या भागाला रक्त पुरवत असतो. तो घरच्या घरी एकाएकी उतरवला, तर वाचू शकणाऱ्या पेशीही जातात. अ‍ॅस्पिरिनही सीटी स्कॅनपूर्वी देऊ नये. पाणी, चहा पाजू नये. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात उतरते. उलटी होत असल्यास कुशीवर वळवावे. मधुमेही असेल आणि घरी यंत्र असेल, तर साखर तपासावी, कारण साखर फार उतरली तरी हुबेहूब अशीच लक्षणे दिसतात.

मग १०८ ला फोन करावा किंवा मिळेल ते वाहन घ्यावे. वर्धा शहराजवळ सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. कारंजाकडच्यांना महामार्गामुळे नागपूर सोयीचे पडू शकते. जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्रीही सीटी स्कॅन होतो आणि हे इंजेक्शन मिळते, याची चौकशी घरात साठीपुढचे, रक्तदाबाचे किंवा मधुमेहाचे माणूस असेल तर आजच करून ठेवावी.

निघताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घ्याव्यात आणि रुग्णाला शेवटचे धडधाकट कधी पाहिले, ती वेळ कागदावर लिहावी. पहाटे उठताना हात लुळा आढळला, तर वेळ पहाटेची धरू नये, रात्री निजतानाची सांगावी. मध्यरात्री लघवीला उठून ते नीट चालत गेले होते, हे एखाद्या सुनेला आठवते. इंजेक्शन देता येईल की नाही, हे कित्येकदा त्या एका आठवणीवर ठरते.