लेबलवरचा आकडा चार्जरचा नव्हे

‘पॅकवर ११.१ व्होल्ट लिहिलंय ना? मग बारा व्होल्टचा कुठलाही चार्जर लाव.’ कॉलेजच्या रोबोटिक्स क्लबात आणि हौशी ड्रोनवाल्यांत हा सल्ला बिनदिक्कत दिला जातो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, आणि त्याच्याकडे तीन युक्तिवादही असतात. आकडे जवळपास सारखेच आहेत. व्होल्टेज थोडं जास्त असलं तर चार्जिंग लवकर होतं. आणि काही बिनसलंच तर संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं. तिन्ही ऐकायला पटतात, पण तपासायला घेतले तर एकही टिकत नाही.

मुळात ११.१ हा चार्जिंगचा आकडाच नाही. लिथियम पॉलिमरचा एक सेल पूर्ण भरला की ४.२० व्होल्ट दाखवतो आणि वापरात तीनच्या दिशेने उतरतो. ३.७ हा मधला, ओळखीपुरता धरलेला आकडा. असे तीन सेल सिरीजमध्ये जोडले की लेबलवर ११.१ येतं, पण पॅक भरायला १२.६ लागतात. चार्जर ११.१ चाच लावला तर पॅक निम्मासुद्धा भरणार नाही. उलट बारा व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचा चार्जर १४.४ च्या आसपास जातो. त्याला तीनने भागा: सेलमागे ४.८ व्होल्ट! जिथे मर्यादेत ०.०५ चा फरकही जेमतेम खपतो, तिथे हा ०.६ चा आहे. साधा बारा व्होल्टचा ॲडॅप्टर सेलमागे चारच व्होल्ट देतो, तेव्हा व्होल्टेजपुरता तो घातक नाही, हे मान्य. पण करंट नेमका बांधून देणं हे त्याचं काम नव्हे, आणि रिकामा पॅक मिळेल तेवढा करंट ओढतो.

चार्जिंगचा वेग ठरतो तो करंटवर. २२०० मिलिअँपिअर-तासांच्या पॅकला साधारण २.२ अँपिअर हा रास्त दर. चांगला चार्जर आधी करंट स्थिर ठेवतो, सेल ४.२० ला पोचले की व्होल्टेज तिथेच धरून करंट हळूहळू उतरू देतो. त्यापुढे व्होल्ट रेटले तर कॅथोडची रचना ढासळते, ॲनोडवर धातुरूप लिथियम साचतं, इलेक्ट्रोलाइटचं विघटन होऊन वायू सुटतो. पॅक फुगतो तो या वायूनेच, आणि तरीही चार्जिंग चालू ठेवलं तर तो पेट घेऊ शकतो.

राहिला संरक्षक सर्किटचा आधार. ते सहसा सेलमागे ४.२५ ते ४.३० व्होल्टला तोडतं, म्हणजे मर्यादा ओलांडून झाल्यावर. लोकल रोज साखळी ओढून थांबवत नाहीत. शिवाय हौशी ड्रोनच्या बहुतेक पॅकमध्ये हे सर्किट नसतंच.

मग योग्य रीत कोणती? आधी रसायन ओळखा, मग सेल मोजा, मग गुणाकार करा. साध्या लिथियम पॉलिमरला सेलमागे ४.२०, ‘एचव्ही’ छापलेल्याला ४.३५, लिथियम आयर्न फॉस्फेटला ३.६५. चार सेलांच्या साध्या पॅकला १६.८ आणि सहाच्या पॅकला २५.२.

एवढ्यावरही काम संपत नाही. तीन सेलांच्या पॅकच्या पांढऱ्या बॅलन्स कनेक्टरला चार तारा असतात. मल्टिमीटरने लगतच्या दोन-दोन तारांमधलं व्होल्टेज मोजा. ४.१०, ४.१२ आणि ४.३८ दिसलं, तर बेरीज बरोबर १२.६० भरते आणि तरी एक सेल धोक्यात असतो. म्हणून प्रत्येक सेल वेगळा मोजून सारखा ठेवणारा बॅलन्स चार्जरच हवा. मी तर म्हणेन, शेवटच्या टक्क्याचा हट्ट नसेल तर सेलमागे ४.१० वरच थांबा: क्षमता थोडी जाते, पण पॅकचं आयुष्य चांगलंच वाढतं. पॅक नुसता ठेवून द्यायचा असेल तर ३.८ च्या आसपास ठेवा.

हे सगळं शिकायला एक संध्याकाळ पुरते. तेव्हा पॅक हाती देणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने आणि लॅबमधल्या शिक्षकाने आधी दोन प्रश्न विचारावेत: रसायन कोणतं आणि सेल किती? उत्तर येईपर्यंत चार्जर हातात देऊ नये.