मैत्री ‘जिंकता’ येते काय?

मित्र जिंकण्याची आणि लोकांवर प्रभाव पाडण्याची विद्या शिकविणारे डेल कार्नेगी यांचे पुस्तक १९३६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. ते आजही खपते; त्याची मराठी भाषांतरेही सहज मिळतात. संबंध जोडण्याचा हा गुरुमंत्र आजच्या काळात चालेल काय, असे कोणी विचारले की आम्ही उलट विचारतो : चालेल, पण कशासाठी?

पुस्तकावर अन्याय करण्याची आमची इच्छा नाही. हसतमुख असावे, समोरच्याचे नाव ध्यानात ठेवावे, आपण थोडे बोलून दुसऱ्याचे ऐकावे, यात वावगे काय आहे? खुशामत आणि मनःपूर्वक कौतुक यांत कार्नेगींनी भेदही केला आहे. परंतु ही शिकवण कोठे जन्मली हे विसरू नये. १९१२ पासून न्यूयॉर्कच्या वायएमसीएमध्ये ते प्रौढांना भाषणकला शिकवीत. तेथे येत ते धंद्यात वर येऊ पाहणारे लोक. गिऱ्हाईक राखण्याचे नियम पुढे घराच्या उंबरठ्याआतही आले. मूळ आवृत्तीत संसारसुखाचेही सात नियम होते. १९८१च्या सुधारित आवृत्तीत तो भाग गाळला गेला. गाळणाऱ्यांचा हेतू काहीही असो, आम्हांस ते उचितच वाटते.

मित्रांचे वाढदिवस टिपून ठेवावेत, असे कार्नेगी सांगतात. त्या काळी टिपून ठेवण्यास कष्ट पडत आणि त्या कष्टांतच प्रेम दिसे. आज आठवण फोन करून देतो, शुभेच्छांचे शब्दही तोच पुरवितो. युक्ती शिल्लक राहिली, आस्था मात्र निघून गेली!

आमचा मुख्य आक्षेप मात्र पहिल्याच नियमावर आहे. कोणावरही टीका करू नये, असा तो नियम. त्यासाठी दाखला दिला जातो लिंकन यांचा. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर जनरल मीड यांना लिहिलेले कडक पत्र त्यांनी धाडलेच नाही. खरे आहे. पण त्याच वर्षी २६ जानेवारीस जनरल हूकर यांना लिहिलेले पत्र त्यांनी हूकर यांच्या हाती पोचविले. त्यात हूकरांच्या शौर्याची स्तुती आहे. त्यापाठोपाठ बर्नसाइड यांच्या मार्गात त्यांनी आडकाठी घातली हा ठपका आहे. देशाला हुकूमशहा हवा, असे ते बोलल्याचे कानी आले. सेनापतिपद दिले ते त्या बोलण्यामुळे नव्हे, ते बोलणे पोटात घालून, असेही लिंकन स्पष्ट बजावतात. हे तर बापाने मुलाला लिहावे तसे पत्र, असे हूकर म्हणाल्याची नोंद पत्रकार नोआ ब्रुक्स यांनी केली आहे.

हेही पत्र कार्नेगी देतात, पण कशाचे उदाहरण म्हणून? आधी कौतुक, मग दोष, या युक्तीचे! आम्ही विचारतो, कौतुकाच्या साखरेमुळे काय ते पत्र बापाचे ठरले? नाही. रोष पत्करूनही खरे सांगणारा माणूस आपला साथ सोडणार नाही, हा भरवसा त्या पत्रात होता.

वाचकहो, ओळखी वाढविण्यास कार्नेगी आजही पुरेसे आहेत. त्यांचे नियम खुशाल पाळा. परंतु मुलगा वाममार्गाला लागला असता, भाऊ भावाचा हिस्सा बळकावीत असता, जो केवळ हसून गोड बोलतो, तो लोकप्रिय असेल, मित्र नव्हे. मैत्री जिंकावयाची नसते. वेळप्रसंगी ती गमावण्याची तयारी असलेल्यालाच ती लाभते.