बासी ईद, भरती आणि आमची जीप



मागच्या रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही घरातली आठ जणं जवळच्या समुद्रावर गेलो होतो. भाचा कुवेतहून सुट्टीवर आला होता. कातळावरच्या आमच्या आंब्याच्या बागेला नीट रस्ता नाही, म्हणून त्यानं जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली होती. पुढे तो आणि माझी अम्मी, मध्ये आम्ही तिघी, मागच्या आडव्या बाकांवर तीन मुलं. अम्मीचे गुडघे दुखतात. किनाऱ्यावर पोचल्यावर मीच म्हणाले, “बेटा, गाडी थोडी पाण्याजवळ घे. अम्मीला वाळूत चालवत नाही.” पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे, म्हणून हे आधीच सांगते.

अकरा वाजले होते. ओली वाळू घट्ट दिसत होती. जीप थांबवून आम्ही चटया पसरल्या, डबे उघडले. अर्ध्या तासात पाणी पुढच्या चाकांपाशी आलं. भाच्यानं घाईघाईनं गाडी मागे घ्यायला ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली आणि पाचच मिनिटांत गाडीचं पोट वाळूला टेकलं. अम्मी अजून आतच बसलेली. दोन मच्छीमार धावत आले आणि त्यांनी तिला हातांवर उचलून बाहेर काढलं.

मग ट्रॅक्टर आला. आमच्यातल्याच कुणीतरी मासेमारीची नायलॉनची दोरी जीपच्या बंपरला बांधली. मुलं टाळ्या वाजवत दोरीच्या बाजूलाच उभी होती. ट्रॅक्टरवाले चाचा ओरडले, “आधी पोरांना लांब न्या, मगच ओढतो!” मुलांना मागे घेतलं, ट्रॅक्टरनं जोर लावला आणि दोरी तुटली. तिचं टोक मुलं उभी होती तिथेच सपकन आपटलं. बंपरही वाकला. दुसऱ्यांदा चेसिसच्या हुकाला जाड दोर लावला, तेव्हा गाडी निघाली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

भाच्याचं म्हणणं होतं, “फुफी, मी कुवेतच्या वाळवंटात गाडी चालवलीय.” खरं आहे. पण तिथे गाडी अडकली तर दोस्त येईपर्यंत ती तशीच राहते. इथे तासाभरात पाण्याखाली जाते.

आणि भरती काही अचानक आली नव्हती. कोकणातली जुनी माणसं सांगतात की अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण बाराच्या सुमारास येते आणि पुढे रोज पाऊण-पन्नास मिनिटांनी उशिरा. त्या दिवसांत उधाण असतं, म्हणजे पाणी सर्वात वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ती कमी चढते. आपल्या घरात चाँदाची तारीख सगळ्यांना पाठ असते. रमजान ईद म्हणजे शव्वालचा पहिला चाँद, अमावास्येनंतर लगेचचा. म्हणजे बासी ईदची सहल दर वर्षी उधाणातच येते, आणि पूर्ण भरती दुपारी दीडच्या आसपास! वर्गात मी भरती-ओहोटी शिकवते. कॅलेंडर समोर असून मला ते सुचलं नाही.

नंतर ट्रॅक्टरवाले चाचा आणि आमच्या गॅरेजचे मिस्त्री यांच्याकडून जे शिकले, ते असं:

गाडी किनाऱ्यावर नेऊच नये. कित्येक किनाऱ्यांवर तशी मनाईही आहे. आपल्याकडे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, चाकांखाली ती घरटी चिरडतात.

बागेच्या वाटेवर किंवा भुसभुशीत मातीत जावंच लागलं, तर आधी उतरून वाट चालून बघावी. एकट्यानं जाऊ नये. फावडं, चेसिसला लावायचा मजबूत पट्टा आणि हवा भरायचा पंप गाडीत असावा. मऊ वाळूत टायरची हवा 30-35 पीएसआयवरून 18-20 पर्यंत उतरवतात, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. पण डांबरी रस्त्यावर यायच्या आधी हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेवर वेगानं गेलं की टायर तापून फुटतो.

चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडावा. सगळ्यांना उतरवून चाकांभोवतीची वाळू काढावी, फळी किंवा पायपुसणं घालावं आणि आलेल्याच चाकोरीनं हळू मागे यावं. उतारावर 4-एल आणि पहिला गिअर टाकून गाडी इंजिनच्या जोरावर उतरू द्यावी, क्लच दाबू नये. आमच्यासारख्या जुन्या जीपमध्ये कोरड्या डांबरावर मात्र 2-एचवरच यावं, नाहीतर वळणावर गिअरबॉक्स आणि ॲक्सलवर ताण येतो.

ओढताना दोरीच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहू नये. दोरीवर जाड गोधडी टाकली तर तुटलेलं टोक कमी उसळतं.

आता देखभाल. घरी आल्यावर भाच्यानं जीप वरून चकचकीत धुतली. खाली कुणी पाहिलं नाही. आठवड्यानं मिस्त्रींनी ॲक्सलचं तेल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं पांढुरकं; आत पाणी गेलं होतं. खारं पाणी लागलं तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं खालची बाजू, चाकांची आतली बाजू, ब्रेक धुवावेत. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवावेत. बागेच्या धुळीत रोज फिरत असाल तर एअर फिल्टर दर आठवड्याला बघावा.

शेवटची गोष्ट माझ्या वर्गातल्या मुलांची. ईदनंतर नववी-दहावीची मुलं सांगतात, “टीचर, अब्बांनी समुद्रावर गाडी चालवायला दिली, तिथे रस्ता कुठे आहे?” पण लोकांना जायला मुभा असलेली कुठलीही जागा कायद्याच्या दृष्टीनं सार्वजनिकच. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय बसवलं तर चालवणाऱ्याला 1,000 रुपये दंड आहे. आमच्या मागच्या बाकांना बेल्टच नव्हते. आता तिथे मुलं बसत नाहीत, आंब्याच्या पेट्या बसतात.

या वर्षीही बासी ईदला समुद्रावर गेलो. सकाळी आठला, ओहोटीला. जीप रस्त्यावरच ठेवली. भाच्यानं प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेतली, मी अम्मीचा हात धरला. पाण्यापर्यंत पोचायला वीस मिनिटं लागली. अम्मी दोनदा बसली, दोनदा उठली, आणि साडेदहाला सगळ्यांच्या आधी तीच म्हणाली, “चला, आता पाणी वळलं.”