मंडप उतरवण्याचेही नियोजन हवे

सार्वजनिक उत्सवांचे मंडप दहा-बारा दिवसांचे असले, तरी त्यांच्यामागे राहिलेले खड्डे, खिळे आणि कचरा बराच काळ रस्त्यावर टिकतो. म्हणूनच तात्पुरत्या वास्तूची खरी कसोटी ती उतरवताना लागते. जुन्या पद्धतीचा मंडप या कसोटीला बऱ्यापैकी उतरतो, कारण त्याचे बांबू आणि वासे काथ्याच्या किंवा सुतळीच्या गाठींनी बांधलेले असल्याने छिद्र न पाडता सुटतात आणि मंडपवाल्याच्या गोदामातून पुढच्या लग्नाला वा सभेला जातात. बिघडते ते देखाव्यात: प्लायवूडवर ठोकून रंगवलेले महाल सहसा पुन्हा उभे राहत नाहीत. राज्याने २०१८ मध्ये थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आणली. साहित्य बदलले, सवय फारशी बदलली नाही.

जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी २००० च्या हॅनोव्हर जागतिक प्रदर्शनात पुनर्प्रक्रियायोग्य कागदी नळ्यांचे दालन उभारले आणि पायासाठी काँक्रीटऐवजी वाळू भरलेल्या पेट्या वापरल्या; अर्थात, तेथील नियमांपायी त्यांनाही लाकडी कमानींचा जादा आधार द्यावा लागला. रस्ता न खोदता केवळ वजनावर तोललेला असा पाया महाराष्ट्रातही शक्य आहे, मात्र भाद्रपदातल्या वाऱ्यापावसात मंडप उचलला जाऊ नये यासाठी किती वजन लागेल, हे अंदाजाने नव्हे तर स्थापत्य अभियंत्याच्या हिशेबाने ठरावे. महापालिकांनी परवाना देतानाच साहित्य कोठून आले आणि विसर्जनानंतर कोठे जाणार, याचा लेखी तपशील मंडळांकडून घ्यावा.