नदीवाले आपले वैरी नाहीत!

गावकरी भावांनो, बहिणींनो,

आम्ही संघटनेची सात माणसं नर्मदेच्या काठानं जाऊन आलो. मणिबेलीपासून धडगावकडच्या डोमखेडीपर्यंत, कुठं पायी, कुठं होडीत. का गेलो? तळोद्याच्या जंगलात धरणग्रस्तांना वसवणार हे कळल्यापासून आपल्या पाड्यापाड्यांत एकच बोलणं आहे, नदीवाले आपली जमीन घ्यायला येताहेत. म्हटलं, हे नदीवाले कोण ते आधी बघू तरी.

बघितलं. ते आपणच आहोत. तीच कुडाची घरं, तीच ज्वारी-मका, तोच मोह, तीच याहामोगी. डोंगरउतारावर बापजाद्यांपासून शेत कसतात, पण सातबारा नाही. आम्ही आपल्या दंडाच्या पावत्या दाखवल्या, तर एका म्हाताऱ्या बाबानं बांबूच्या नळीतून स्वतःच्या पावत्या काढून समोर ठेवल्या. त्याला आपली जमीन नको आहे. त्याला त्याचीच हवी आहे.

नर्मदा लवादानं १९७९ साली निवाडा दिला. ज्याची पाव हिश्शाहून जास्त जमीन जाते, त्याला किमान पाच एकर ओलिताची जमीन, तीही पाणी चढण्याच्या एक वर्ष आधी. आणि झालं काय? १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीची घरं पाण्यात गेली. महाराष्ट्राची ३३ गावं या धरणाखाली येतात. ज्याच्याकडं कागद नाही, त्याला भूमिहीनांच्या यादीत ढकलायचं हा सरकारचा हिशोब.

शब्द एकच आहे, अतिक्रमण. तो लावून त्यांना म्हणायचं, तुमची जमीनच नाही, देऊ काय? आणि तोच लावून आपल्याला म्हणायचं, उठा, धरणग्रस्तांना जागा करा!

१९८० चा कायदा दाखवून आपले पट्टे अडवतात. आपण दोन एकर कसले तर जंगलाचा नाश होतो म्हणे. मग १९८७ साली धरणाखाली जंगल बुडवायची परवानगी कशी मिळाली? तळोद्याचं जंगल कसं सुटलं?

काही जण म्हणतील, आधी त्यांना हाकला, बाकीचं मागून. तसं केलं तर पोलीस पुनर्वसनाच्या नावानं आपल्यावर येतील, आपण गरिबाचे वैरी ठरू, आणि ज्यानं हे लावून दिलं तो हात झटकून मोकळा.

म्हणून आपली मागणी दोघांची मिळून राहील:

१. तळोद्याच्या जंगलात कोण कसतो, याची पाहणी गावासमोर करा. तोवर एकाही घराला उठवू नका.

२. नदीकाठी कागदाविना कसणाऱ्यालाही जमीनवाला धरा.

३. दुसऱ्याच्या पोटावर पाय न देता जमीन दाखवता येत नसेल, तर पाणी चढवू नका.

पुढच्या बैठकीला नदीकाठची माणसं येणार आहेत. दोन दिवसांची वाट चालून येतील. लाठ्या घरी ठेवा. भाकरी जास्तीच्या आणा, आणि आपापल्या पावत्याही.

जिंदाबाद!